ओट्याची गादी आणि बटाट्याच्या साली

प्रथम नमन अग्नीस, जो पूर्वी चुलीत होता आणि हल्ली नळीतून येतो. दुसरे नमन पोटास, ज्याच्यावाचून अग्नीस उद्योग नाही. तिसरे नमन कोणास करावे ते न सुचल्यामुळे तूर्त राखोन ठेविले आहे; लायक कोणी आढळल्यास करू.

हकीकत ऐसी जे, आमच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली काळ्या फरशीचा ओटा आहे, त्याची गादी थोरल्या बाईसाहेबांकडे. ही गादी त्यांस कोणी ताटात घालोन दिली नाही. त्यांच्या सासूबाईंणी ती अखेरपर्यंत सोडिली नाही, आणि सोडिली तेव्हा बाईसाहेबांच्या डोकीस काळा केस शोधावा लागत होता. मग ज्या गादीसाठी उमेदवारी करण्यात जवानी गेली, ती गादी म्हातारपणी कोणी मागावी, हे कोणत्या न्यायाने? तो सारा कारभार जैसा घडला तैसा येथे लिहिला आहे. लिहावा ऐसी आज्ञा कोणी केली नव्हती. या घरात आज्ञा करणार बाईसाहेब, लढणार बाईसाहेब आणि लिहिणारही त्याच. सबब मजकुरात त्यांची स्तुती अंमळ जास्त दिसल्यास, ती दुसऱ्या कोणी केली आहे ऐसे समजोन वाचावी.

मोहिमेस निमित्त दुधाचे. एके सकाळी बाईसाहेबांणी दूध गॅसवर चढविले आणि त्याच घटकेस खाली रस्त्यावर बटाटेवाला हातगाडी घेवोन आला, आणि बटाट्यांस बोटभर कोंब फुटले असता “ताजे, ताजे” म्हणोन ओरडू लागला. ऐसे खोटे कोणी बाईसाहेबांच्या खिडकीखाली बोलावे आणि त्यांणी ऐकोन घ्यावे, ही त्यांची रीत नव्हे. मग त्यांणी वरोन चार शब्द सोडिले, आणि त्याणे खालोन दोन सोडिले, आणि मग बाईसाहेबांस आणखी काही जुने आठवले, आणि ऐसे रणकंदन चालले असता मागे दूध उतू गेले, उतू गेलेले करपले, राहिलेले आटले, आणि पातेल्याचे बूड कोळशासारखे जाहले. धूर बैठकीत पोहोचला तरी बाईसाहेबांस वर्दी नाही. कारण तेव्हा त्यांच्या नाकास सर्दीने वेढा घातला होता आणि दोन्ही दरवाजे बंद होते. ही वेढ्याची बातमी त्यांणी फुटू दिली नव्हती. बाईसाहेबांस सर्दी होत नाही, ऐसे त्यांणीच पूर्वी जाहीर केले होते.

धुरामागोमाग चिरंजीव आले. चिरंजीव लिफ्टदुरुस्तीच्या खात्यात आहेत. लोकांस वर नेणे आणि खाली आणणे हा त्यांचा उद्योग. त्यामुळे घरातही कोणास वर चढवावे आणि कोणास खाली उतरवावे हे आपल्याच हाती, ऐसा त्यांचा समज. त्यांणी नळ सोडिला, खिडक्या उघडिल्या, जळके पातेले उंच धरोन सर्वांस दाखविले, आणि उभ्या उभ्या फर्मान काढिले:

“आई, बास झालं आता. एक दिवस घर पेटवशील. या रविवारपासून तू ओट्यापाशी जायचं नाही. बसून खायचं. ही बघेल सगळं.”

ही म्हणजे सूनबाई. सूनबाई टपालखात्यात चाकरीस असोन दिवसभर उभ्याने पत्रे निवडितात आणि ज्या त्या खणात टाकितात. तेसमयी त्या चपला घालीत होत्या. त्यांणी “अहो, पण मी...” इतके उच्चारिले; परंतु फर्मान काढणाराचे कान फर्मान काढिते वेळी बंद असतात, सबब पुढील शब्द कोणी ऐकिले नाहीत, आणि बस चुकेल म्हणोन सूनबाई जिना उतरल्या.

खासा यजमान, म्हणजे बाईसाहेबांचे कुंकवाचे धनी, बैठकीतच होते. ते चाकरीतून फारिग जाहल्यापासोन वर्तमानपत्राच्या मुलखात राहतात. ते संस्थान तटस्थ आहे. बाईसाहेबांणी मदतीच्या आशेने तिकडे पाहिले, तेव्हा त्या संस्थानाने पान उलटिले.

इतक्यावर निभावते तर बाईसाहेब कदाचित दोन दिवस अबोला धरोन मग विसरत्या. परंतु चिरंजिवांणी जखमेवर मीठ चोळिले. रविवारी संध्याकाळी सूनबाईंच्या कचेरीतील मैत्रिणी घरी येणार होत्या, आणि त्यांच्या म्होरक्या हेडबाई, ज्यांचा सर्व टपालावर दरारा, त्याही येणार होत्या. चिरंजीव म्हणाले की त्यांच्यासाठी खटाटोप नको, आपण येताना वेफर्सचे पुडे आणू.

पुडे! हा शब्द ऐकताच बाईसाहेबांच्या मस्तकास तिडीक गेली. तो पुडा पाहावा तर फुगोन टम्म, आणि फोडावा तर निम्मी हवा, आणि उरल्या निम्म्यात मिठाचा मारा. आणि ती हवा पैसे मोजोन घ्यावयाची, जी खिडकी उघडली असता फुकट येते! आणि ऐसा पुडा बाईसाहेबांच्या ओट्यावर, बाईसाहेब जिवंत असता, पाहुण्यांसमोर फोडावयाचा! मग त्यांणी कमरेस हात लाविले आणि उलट फर्मान काढिले:

“रविवारी मी करीन. घरच्या बटाट्यांचे, घरच्या तेलात. तुझ्या पुड्याच्या किमतीत अख्खी गल्ली जेवेल. आणि ऐक नीट. पाहुण्यांची एक जरी बशी उष्टी परत आली, तर ओटा सोडला मी. सगळ्या रिकाम्या आल्या, तर पुन्हा माझ्या ओट्याचं नाव काढायचं नाही.”

“लेखी देतेस?” चिरंजीव हसले.

“तुला जन्माला घातलं ते लेखी दिलं होतं का?”

येथे करार पक्का जाहला. गादी पणास लागली.

मग रविवारी सकाळी बाईसाहेब खुद्द रसदेस निघाल्या. रसद म्हणजे बटाटे, आणि बटाटे त्याच गाडीवर, ज्याच्या धन्यासी युद्ध जाहले होते. दुसरी गाडी लांब, आणि बाईसाहेबांचे गुडघे त्यांच्या हुकमात नाहीत. मग त्यांणी अभिमान पिशवीच्या तळाशी घातला आणि वर बटाटे भरू लागल्या. एकेक बटाटा उचलावा, उजेडास धरावा, उलटापालटा करावा, कोंब दिसताच माघारी टाकावा, हिरवा दिसताच नाक मुरडावे. ऐसे करिता निम्मी गाडी तपासोन जाहली.

“आजी, मुलीला स्थळ बघताय का?” बटाटेवाला म्हणाला.

“मुलीला इतकं बघितलं नव्हतं, म्हणून आता बटाट्याला बघते,” बाईसाहेब म्हणाल्या. त्यावर तो हसला, आणि सलूख जाहला, आणि त्याणे भाव पाडिला. जे विकावयाचे ते जुने आणि पडीक होते, म्हणोन पाडिला, ऐसे चिरंजीव मागाहून म्हणाले. परंतु गनिमाच्या तोंडची गोष्ट बखरीत घेत नाहीत.

घरी येवोन बाईसाहेबांणी हुकूम सोडिला की, ओट्याच्या हद्दीत कोणी पाऊल टाकू नये, पाणी हवे असल्यास बाहेरून मागावे. मग बटाट्यांस चोळचोळोन ऐसी आंघोळ घातली की त्यांच्या मातीच्या आठवणीही गेल्या. मग उभ्यानेच सोलू लागल्या. आता खरे लिहावयाचे तर, बाईसाहेब एके काळी बटाट्याची साल ऐसी पातळ काढीत की त्यातून पलीकडचे दिसावे. हल्ली बोटांस कंप सुटतो आणि चष्मा कपाळावर असतो. त्यामुळे सालीबरोबर बटाट्याचाही मोठा मुलूख जाऊ लागला, आणि बादलीत जे पडत होते त्यास साल म्हणावे की तुकडा म्हणावे, याचा निवाडा कठीण जाहला. “पातळ सोलतात ती चिक्कू माणसं,” ऐसे त्या स्वतःशीच मोठ्याने बोलिल्या. ऐकणारे कोणी नव्हते, कारण हद्द बंद होती.

मग काप केले. काही रुपयासारखे गोल, काही चपलेच्या तळव्यासारखे, काही मध्येच पातळ होवोन कडेस जाड. परंतु फौजेत सर्व उंचीचे लोक असतात. ते काप मिठाच्या पाण्यात बुडविले, निथळिले, आणि येथे मोहिमेतील कठीण घाट आला. काप कोरडे पाहिजेत. ओला काप तेलात पडला तर तेल अंगावर येते, आणि आत जातो तो मऊच बाहेर येतो, हे पोरासोरांस ठाऊक. कोरडे करावयास मोठे, स्वच्छ, सुती कापड पाहिजे. आणि त्या दिवशी घरातील एकूणएक टॉवेल धुवोन दोरीवर टपटपत होते.

दुसरी कोणी असती तर जुन्या धोतरावर भागविती. परंतु गादीचा प्रश्न होता आणि पाहुण्या मोठ्या खात्यातल्या होत्या. मग बाईसाहेब आतल्या खोलीत गेल्या, आणि पलंगाखालून ट्रंक ओढिली, आणि तळाशी जपोन ठेविलेली पांढरीशुभ्र चादर बाहेर काढिली. ही चादर इतकी मौल्यवान की तीवर आजपर्यंत कोणी निजले नाही. कसर लागू नये म्हणोन तिच्या घडीघडीत डांबरगोळ्या घालण्याचा बाईसाहेबांचा नेम होता. जुन्या झिजल्या की नव्या, नव्या झिजल्या की आणखी. ऐसी ती चादर वर्षानुवर्षे डांबरगोळ्यांच्या सहवासात राहोन त्याच जातीची जाहली होती. ट्रंक उघडताच जो वास उठला त्याणे शेजारच्या खोलीतील माशी जिन्यात गेली. परंतु बाईसाहेबांच्या नाकास वेढा होता. त्यांणी चादरीची पांढरी शुभ्रता पाहिली, मनी संतोष पावल्या, गोळ्या झटकिल्या, चादर पलंगावर पसरिली, तीवर काप एकास एक न चिकटवता मांडिले, उरलेली अर्धी चादर वरोन पांघरिली, हाताने हळूहळू दाबिली, आणि फौज विश्रांती घेते तर सेनापतीनेही घ्यावी म्हणोन त्याच खोलीत खुर्चीवर डोळा लाविला.

दुपार कलली तेव्हा काप कोरडे खडखडीत होते. मग कढई चढली, तेल तापले, आणि काप पडू लागले, आणि काय वर्णावे! बुडबुडे उठले, कडा वळल्या, रंग सोन्यासारखा आला, आणि झाऱ्याने उचलोन चाळणीत टाकिता ऐसा खळखळ आवाज जाहला की बैठकीत वर्तमानपत्र खाली आले. चिरंजीव हद्दीच्या रेघेवर येवोन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. सूनबाई मागे उभ्या राहोन काही हुंगीत होत्या, आणि बाईसाहेबांकडे पाहात होत्या, आणि पुन्हा हुंगीत होत्या.

“आई, तुम्ही एक खाऊन बघता का?” सूनबाईंणी हळूच विचारिले.

आता या घराण्याचा कायदा ऐसा आहे की, रांधणारीने चाखू नये. बाईसाहेबांच्या सासूबाई म्हणत, जिचा हातावर भरवसा नाही ती चाखते. सासूबाईंचे बाकी सर्व कायदे बाईसाहेबांणी गादीवर येताच मोडिले, हा एकच ठेविला, कारण हा दिमाखाचा होता. सबब त्यांणी सुनेकडे ऐसे पाहिले की सूनबाई एक पाऊल मागे सरल्या.

आणि पहिला मान घरच्या कर्त्याचा, म्हणोन एक बशी यजमानांपुढे गेली. यजमानांणी एक काप उचलिला, तोंडात घातला, कुरकुर वाजविला, थांबले, छताकडे पाहिले, आणि फार दिवसांनी एक वाक्य पूर्ण बोलिले:

“कपाट उघडं राहिलंय का गं कुठलं?”

मग चिरंजिवांणी एक खाल्ला आणि ते तोंड दाबोन बेसिनकडे पळाले. “आई! डांबरगोळी!” ऐसी त्यांची आरोळी नळाच्या आवाजातून आली.

“नाकं तपासून घ्या तुमची!” बाईसाहेब कडाडल्या. परंतु सूनबाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, दया होती. मग त्यांणी घराण्याचा कायदा मोडोन स्वहस्ते एक काप तोंडात घातला. वास तर नाकाचे दरवाजे बंद म्हणोन आला नाही, पण जिभेच्या मुळाशी ट्रंकेचे झाकण उघडल्यासारखे जाहले. पलंग, चादर, गोळ्या, सारा मामला एका घासात ध्यानी आला. त्यांणी तो काप थुंकिला. मग गॅस बंद केला. मग स्टुलावर बसल्या. ज्या बाईसाहेबांस या घरात कोणी ओट्यापुढे बसलेले पाहिले नव्हते, त्या बसल्या.

सारा सोनेरी माल कचऱ्याच्या डब्यात गेला. बटाटा एक उरला नव्हता. तितक्यात खिडकीतून पाहता हेडबाई चार जणींसह रस्ता ओलांडीत होत्या, आणि बटाटेवाल्याच्या गाडीचा पत्ता नव्हता. चिरंजीव पुढे आले. त्यांणी जिंकल्याचे तोंड केले नाही, हे त्यांच्या बाजूने लिहावयास पाहिजे. ते इतकेच म्हणाले, “जाऊ दे आई. मी पुडे घेऊन येतो,” आणि चपला घालू लागले.

“चपला काढा,” सूनबाई म्हणाल्या.

आजवर सूनबाईंणी या घरात फर्मान काढिले नव्हते. सबब चिरंजीव एक पाय चपलेत आणि एक बाहेर ऐसे स्तब्ध उभे राहिले.

मग सूनबाई हद्द ओलांडोन आत आल्या, आणि कढईतील वास लागलेले तेल डब्यात ओतोन बाजूस केले, आणि कढई चिरंजिवांच्या हाती देवोन “घासा” म्हणाल्या, आणि चिरंजीव घासू लागले. मग त्यांणी सालींची बादली उचलिली, आणि साली पुन्हा धुतल्या, आणि पुसावयास कापड नाही ऐसे पाहोन तडक बैठकीत गेल्या, आणि यजमानांच्या हातातील वर्तमानपत्र घेतले. तटस्थ संस्थान एका झटक्यात खालसा जाहले. यजमान रिकाम्या हातांकडे पाहात राहिले, आणि मग मुलूख नाही तर निदान लूट तरी मिळेल म्हणोन तेही उठोन स्वयंपाकघराच्या दारापाशी आले.

“सालं?” बाईसाहेब स्टुलावरून म्हणाल्या. “पाहुण्यांना सालं घालणार?”

“तुमची सालं आहेत आई, निम्मा बटाटा आहे त्यात,” सूनबाई म्हणाल्या. “तुम्ही फक्त बाहेर जा आणि त्यांना बोलण्यात गुंतवा. ते तुमच्यासारखं कुणाला जमणार नाही.”

हा टोमणा होता की गौरव होता, याचा विचार करावयास वेळ नव्हता, घंटा वाजली.

मग बाईसाहेबांणी पिछाडी सांभाळिली. दार उघडिले, सर्वांस बसविले, पाणी दिले, आणि हेडबाईंसमोर ऐशा बसल्या की त्यांस आतले काही दिसो नये. हेडबाई अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. त्यांणी बसताच नाक उचलिले.

“वास कसला येतोय हो?”

“स्वच्छतेचा,” बाईसाहेब म्हणाल्या. “पाहुणे यायचे म्हणून सगळं काढून झटकलं.”

“कमाल आहे बाई. आमच्याकडे पाहुणे यायचे म्हटलं की आम्ही सगळं आत कोंबतो.”

येथून मैदान बाईसाहेबांचे जाहले. मग त्यांणी हेडबाईंस विचारिले की पत्र चुकीच्या खणात पडले तर कोठे जाते, आणि हेडबाईंणी सांगितले, आणि मग बाईसाहेबांणी सांगितले की त्यांच्या नणंदेचे एक आमंत्रण लग्न होवोन पोर रांगू लागल्यावर आले होते, आणि त्यावर पाहुण्या हसल्या, आणि मग हेडबाईंणी आपल्या सासूची गोष्ट काढिली, आणि ती गोष्ट आपल्याच सासूची आहे ऐसे बाईसाहेबांस वाटले, आणि दोघी एकमेकींच्या गुडघ्यावर थापा मारू लागल्या. आत कढईचा आवाज येत होता, आणि बाईसाहेबांचे तोंड बोलत होते, आणि कान त्या आवाजाकडे होते.

मग सूनबाई ट्रे घेवोन आल्या. बशीबशीत सालींचा ढीग. तांबूस, वळलेल्या, कडेस कुरकुरीत आणि पोटाशी मऊ, वर मीठ, तिखट आणि लिंबाचे चार थेंब. हेडबाईंणी एक साल उचलिली, वळवोन पाहिली, तोंडात घातली. कुरकुर ऐसी वाजली की बाकीच्यांणी बोलणे थांबविले. मग हेडबाईंणी दुसरी उचलिली, आणि मग एकेक उचलणे सोडोन मूठ भरिली, आणि मग कोणी बोलेना. जेथे पाच बायका जमोन बोलणे बंद होते, तेथे समजावे की काही मोठे घडले आहे. यजमान दारात उभे राहोन आपल्या वाट्याची बशी खात होते, आणि त्यांचा हात थांबत नव्हता.

बशा रिकाम्या जाहल्या. एकीने तळाचे तिखट बोटाने पुशिले. चिरंजीव ओल्या हातांनिशी बाहेर आले, बशा पाहिल्या, आणि सर्वांदेखत म्हणाले, “आई, जिंकलीस बाई तू.”

आणि हेडबाई म्हणाल्या, “हे विकतचं नाही. काय आहे हे? कसं केलंत? मला सांगा, मी उद्याच करते.”

येथे वाचणाऱ्याने क्षणभर थांबावे. करार ऐसा होता की बशा रिकाम्या याव्यात. कोणी भराव्यात याविषयी करारात अक्षर नव्हते. बाईसाहेबांणी नुसते मान हलवोन “अहो, काही विशेष नाही” म्हटले असते तर गादी कायम होती. सूनबाई ट्रे छातीशी धरोन मागे उभ्या होत्या, आणि डोळ्यांनी खुणावीत होत्या की, म्हणा, म्हणा, तुमचंच म्हणा. बाईसाहेबांची जीभ तर आयुष्यात स्वतःच्या स्तुतीस कधी अडखळली नव्हती. ती आता टाळ्यास चिकटली. सुनेच्या खुणेवर मिळालेली गादी म्हणजे गादी नव्हे, ती सतरंजी.

“हे हिचं,” बाईसाहेब म्हणाल्या. “बटाट्याची सालं आहेत ती, मी टाकलेली. माझं होतं ते केराच्या डब्यात आहे. आणि मघाशी तुम्हाला आला तो वास स्वच्छतेचा नव्हता, माझ्या अकलेचा होता.”

मग डांबरगोळ्यांची सारी हकीकत त्यांणी स्वमुखे सांगितली, काही न लपविता. उलट माशी जिन्यात गेल्याचे कलम तेथेच प्रथम जोडिले. हेडबाई इतक्या हसल्या की खुर्चीने तक्रार केली. जाताना त्या सूनबाईंस म्हणाल्या, “तुझ्या सासूला एकदा कचेरीत घेऊन ये गं, सगळ्यांचा थकवा जाईल.” मग त्या गेल्या.

दार लागताच बाईसाहेब ओट्यापाशी गेल्या. त्यांणी फरशी पुशिली, जी पुसलेलीच होती. मग डबे सरळ केले, जे सरळच होते. मग पाठ न वळविता म्हणाल्या, “घे गं. बोलले ते बोलले. माझ्या हातची बशी एकही बाहेर गेली नाही. ओटा तुझा.” आवाज जरा बसला होता, तो सर्दीने, ऐसे त्यांणी लागलीच जाहीर केले, आणि अशा रीतीने सर्दीची बातमीही फुटली.

“नको!” सूनबाई ओरडल्या.

असे ओरडणे या घरात बाईसाहेबांखेरीज कोणी केले नव्हते. सर्व दचकले.

“मला नको आहे तो ओटा! दिवसभर उभी असते मी तिकडे, पायाला गोळे येतात माझ्या. घरी येऊन पुन्हा उभी राहू? हे म्हणाले ही बघेल सगळं. मला विचारलं कुणी? तुम्ही विचारलंत? मी ‘पण मी’ म्हटलं, ते तरी कुणी ऐकलं?”

चिरंजीव जमिनीकडे पाहू लागले. यजमानांणी सवयीने हात उचलिले, पण त्यात वर्तमानपत्र नव्हते.

“मग सालं कशाला तळलीस गं?” बाईसाहेबांणी विचारिले. “माझा ओटा वाचवायला ना?”

“नाही हो आई,” सूनबाई म्हणाल्या, आणि बैठकीतली खुर्ची ओढोन ओट्यासमोर तीवर बसल्या, पाय लांब केले. “माझी खुर्ची वाचवायला.”

बाईसाहेबांणी ती खुर्ची पाहिली, लांब केलेले पाय पाहिले. मग त्यांस हसू फुटले, आणि हसता हसता शिंक आली, आणि शिंकेबरोबर वेढा फुटला, नाकाचा एक दरवाजा उघडला, आणि घरात दरवळणारा डांबरगोळीचा वास प्रथमच त्यांस पोहोचला. “अगं आई गं!” म्हणोन त्यांणी नाक धरिले, आणि सर्व घर हसावयास लागले.

मग तह जाहला. तहात ठरले की, ओट्याची गादी थोरल्या बाईसाहेबांकडे कायम. परंतु दूध वर असता त्यांणी खिडकीत जाऊ नये, भांडण निकडीचे असल्यास आधी गॅस बंद करावा आणि मग भांडावे. रांधणारीने चाखावे, सासूबाईंचा कायदा रद्द. बटाटे चिरंजिवांणी सोलावे, आणि सोलताना साली जाड काढाव्या, पातळ काढल्यास पुन्हा सोलावयास दुसरे बटाटे द्यावे. सूनबाईंणी कचेरीतून येताच बसावे, आणि बसोन बाईसाहेबांस कचेरीतले सांगावे, विशेषेकरून हेडबाईंचे. चादर दोरीवर टाकावी, आणि वास गेला तर तीवर निजावे. यजमानांस त्यांचा मुलूख परत द्यावा; पाण्याचे डाग आहेत तैसे सोसावे.

येणेप्रमाणे ओट्याची मोहीम फत्ते जाहली, ती या ठिकाणी नोंदिली असे. फौज सारी केरात गेली, कापड गेले, तेल गेले, नाक गेले, तरी गादी राखिली. गनीम कोण होता याचा पुष्कळ शोध केला. ज्यास गादी द्यावयाची होती तो ती घेईना, आणि जो देणार होता तो कढई घासीत होता, सबब गनीम सापडला नाही. विजयी बाईसाहेबांस त्याच संध्याकाळी सर्वांसाठी चहा टाकण्याचा मान मिळाला, आणि दूध तापेपर्यंत त्या तेथोन हलल्या नाहीत, जरी खाली बटाटेवाला परत आला होता आणि ओरडत होता.